मंडळाचं बटण

ऋताने आवाज पार शून्यावर आणला, तरी ऋता बोलतच राहिली.

पिवळं जाकीट घातलेल्या सुवर्णाकाकू हातात वॉकीटॉकी घेऊन गाड्यांच्या रांगेतून चालत येताना दिसल्या, म्हणून तिने बटण फिरवलं होतं. रविवारी मराठी शाळा सुटताना मुलांना न्यायला आलेल्या गाड्यांची ही रांग लागते आणि त्या रांगेच्या महाराणी सुवर्णाकाकू. त्या खिडकीशी वाकून "काय गं, आई कधी येतेय?" असं विचारणार हे ठरलेलंच, तेव्हा गाडीत काय चाललंय ते त्यांच्या कानावर पडायला नको. डॅशबोर्डाच्या जाळीतून येणारा आवाज थांबला. पण वाक्य थांबलं नाही. ते बाहेरून चालू राहिलं, उघड्या खिडकीतून, आणि किती ठणठणीत! "म्हणजे तू गेल्यापासून मी मस्त आहे, आई. हे कसं सांगायचं तुला?" समोर गुरुनाथकाकांची मरून व्हॅन उभी होती, काचा खाली केलेल्या, आणि तिच्या पोटातून, ऑक्टोबरच्या लख्ख उन्हात, रस्त्याकडेच्या मेपलनाही ऐकू जावं अशा बेताने ऋता बोलत होती. क्षणभर तिला असंच वाटलं की आपण तिकडे बसलोय आणि इकडे कोणी नाहीच, नुसते दोन हात कोणीतरी स्टिअरिंगवर विसरून गेलंय. मग तिने प्लेअरची वायर धरून ओढलीच. समोरचा आवाज तुटला. त्याच्या जागी खरखर. सुवर्णाकाकू तिला नुसता हात करून पुढे गेल्या, वॉकीटॉकीत कोणावर तरी खेकसत. त्यांनी काही ऐकलं नव्हतं. मागच्या गाडीत अमितकाका. त्यांची नवीकोरी इलेक्ट्रिक, तिच्यात रेडिओ कुठे आहे हेही त्यांना ठाऊक नसणार, शिवाय ते कायम फोनवर. पण व्हॅनमधल्या माणसाने ऐकलं होतं. किती ऐकलं?

सगळा घोटाळा त्या इवल्याशा ट्रान्समीटरचा. गाडी आईची जुनी, ऋताहून थोडीशीच लहान. तिला ब्लूटूथ नाही, वायर जोडायला भोक नाही, आणि सीडीच्या फटीत कधीकाळी एक सीडी अडकली ती तिथेच राहिली. म्हणून मग लायटरच्या खोबणीत हा ट्रान्समीटर खुपसायचा, त्याला प्लेअरची वायर लावायची, की तो प्लेअरमधलं गाणं एका रिकाम्या स्टेशनवरून गाडीच्याच रेडिओला पाठवतो. हातभर अंतरावरच्या रेडिओपर्यंत पोचायला आवाज आधी हवेत सोडायचा. हे ऐकलं तेव्हा ऋताला फार मजा वाटली होती, म्हणजे शेजारच्या खोलीतल्या माणसाला निरोप द्यायला गच्चीवर जाऊन ओरडण्यासारखं. पण गच्चीवर ओरडलेलं शेजारीही ऐकतात, हे तेव्हा कुठे लक्षात आलं? रिकामं स्टेशन शोधायची तर तिला गरजच पडली नव्हती, कारण गाडीत ते आधीपासून भरलेलं होतं: सहाव्या बटणावर, सत्त्याऐंशी पॉइंट नऊ. करोनाच्या वर्षी मंडळाने गणपती पार्किंगमध्ये बसवला होता. सगळे आपापल्या गाडीत, आणि आरती रेडिओवरून. तेव्हा बाबाने गाडी-गाडीशी जाऊन, मास्क लावून, प्रत्येकाला सहावं बटण भरून दिलं होतं. अ‍ॅशबर्न गावातल्या निम्म्या मराठी गाड्यांत ते अजून तसंच आहे. कोणी पुसलेलं नाही. घरात त्याला नावच पडलं होतं, मंडळाचं बटण. ऋताने ते दाबलं, खरखर ऐकली, ट्रान्समीटरचा आकडा त्याच्याशी जुळवला आणि खूश झाली. किती सोपं! इतकं सोपं काही असलं की आपण थांबून विचार करायला हवा, हे तिला नेहमी नंतर सुचतं.

रांग एक गाडीभर पुढे सरकली. व्हॅन सरकली, ऋताही सरकली. ती मनातल्या मनात रेकॉर्डिंग उलटं फिरवत होती. कोपऱ्यावरच्या डेटा सेंटरपाशी वळताना गाणी चालू होती, आईचीच, कारण प्लेअरही आईचा, कॉलेजपासूनचा, बोटाएवढा निळा. त्यात आईने भरलेली तिच्या वेळची भावगीतं, आणि पाठीमागे रेकॉर्ड करायचं एक लाल बटण. गाणी संपली ती रांगेत लागल्यावर. मग ऋताने स्वतःला लावलं. हो, मुद्दाम! कोणी विचारलं असतं तर ती मेली असती लाजेने, पण तिला स्वतःचा आवाज ऐकायला आवडायला लागलं होतं. म्हणजे रांगेत लागल्यापासून काकांच्या मागेच ती, आणि तेव्हापासून ती बडबड. त्यात सुरुवातीला काय होतं? सुरुवातीला होतं ते बाबाचं, की तो आता स्वयंपाक करताना शिट्टी वाजवतो. मग प्रोजेक्टचं. अरे देवा, प्रोजेक्टचं सगळं होतं त्यात! "सगळ्यांना सांगते तू प्रोजेक्टला गेलीयेस, आणि कंटाळा आलाय मला, आई, कंटाळा." बोलताना किती मोकळं वाटलं होतं. आता त्यातला एकेक शब्द व्हॅनच्या मागच्या काचेवर चिकटल्यासारखा दिसत होता.

प्रोजेक्ट सुरुवातीला खराच होता. आई उन्हाळ्याच्या आधी टेक्सासात अर्विंगला गेली ती कामालाच. मग तिथलं अपार्टमेंट तिने पुढे चालू ठेवलं, आणि एका शनिवारी आईबाबांनी दोघींना सोफ्यावर बसवून, एकमेकांना वाक्यं वाटून दिल्यासारखं नीट सांगितलं, की आता असंच राहणार. वेगवेगळं. धाकटी रेणू आठ वर्षांची, तिने विचारलं, "Do I get two rooms?" ऋताने काहीच विचारलं नाही. फक्त दिवाळी होऊन जाऊ दे, असं बाबा म्हणाला. तो मंडळाचा सेक्रेटरी, दिवाळीचा कार्यक्रम त्याच्या डोक्यावर, आणि मंडळात एकदा कळलं की कार्यक्रम राहील बाजूला आणि लोक आमच्याच घराचा प्रयोग लावतील. तोवर बाहेर काही बोलायचं नाही. ऋता बोलली नाही. म्हणजे बोलली, पण खोटं, आणि देवाशपथ, इतकं झकास खोटं बोलली की तिचं तिलाच आश्चर्य वाटलं. मंडळाच्या पॉटलकला, म्हणजे ज्याने त्याने एकेक पदार्थ आणायच्या जेवणाला, कोणीतरी खोदून विचारलं तेव्हा ती म्हणाली, "आईचं गो-लाइव्ह पुढे गेलं, काकू." संपलं! या गावात गो-लाइव्ह, म्हणजे नवी सिस्टीम चालू करायचा दिवस, पुढे गेलं म्हटलं की पुढे कोणी चौकशी करत नाही, मर्तिकाची बातमी ऐकावी तशा माना हलवतात. सगळ्यांच्या घरात कोणाचं ना कोणाचं गो-लाइव्ह पुढे गेलेलंच असतं. "बिचारी चारुता," काकू म्हणाल्या आणि ऋताच्या ताटात आणखी दोन अळूवड्या वाढल्या. त्या अळूवड्या तिने खाल्ल्या. छान होत्या. खोटं बोलून मिळालेल्या अळूवड्याही छानच लागतात, हे शोधून काढल्याबद्दल तिला कित्येक दिवस स्वतःची जरा भीती वाटत होती.

पण खरी भीती ती नव्हतीच. बाबाचं गुपित फुटलं तर बाबाची पंचाईत होईल, चार दिवस लोक बोलतील, होईल कसंतरी. जे आईपर्यंत पोचायला नको होतं ते वेगळंच होतं. आई असताना ऋता लाजाळू होती. हे आईनेच सांगितलेलं. कोणी घरी आलं, कोणी काही विचारलं, की ऋता तोंड उघडायच्या आत आई हसून म्हणायची, "ती जरा लाजाळू आहे हं," आणि पुढचं उत्तर देऊन टाकायची. कितवीत आहे, काय आवडतं, पुढे काय करणार. उत्तरं बरोबर असायची. ऋता मान हलवायची. तिला वाटायचं आपल्यात शब्द कमी भरलेत, जसा एखाद्या फोनला मेमरी कमी असते. मग आई गेली, आणि ऑगस्टमध्ये दारावर कोणीतरी आलं, कोणीतरी काहीतरी विचारलं, आणि शेजारी उत्तर द्यायला कोणी नव्हतं. ऋताने वाट पाहिली. समोरचा माणूसही वाट पाहत होता. शेवटी तिने तोंड उघडलं आणि जे सुरू झालं ते आजतागायत थांबलेलं नाही. शाळेत डिबेटला नाव दिलं. इतिहासाच्या सरांशी वाद घातला, आणि जिंकला. लायसन्स काढलं. टेस्ट घेणाऱ्या बाईंना तिने पूर्ण रस्ताभर डेटा सेंटरना खिडक्या का नसतात यावर भाषण दिलं, तरीही पास! मैत्रिणी म्हणायला लागल्या, यार, तू अशी होतीस हे माहीतच नव्हतं. तिलाही कुठे माहीत होतं? आणि जितकं छान वाटायचं तितकं मागाहून काहीतरी टोचायचं, मोज्यात कुसळ राहावं तसं. लोकांच्या आया लांब गेल्या की मुली रडतात, बारीक होतात. आपल्याला कंठ फुटला. ही कसली मुलगी?

मग ते लाल बटण सापडलं. त्या दिवशी गराजमध्ये गाडीत नुसतीच बसली होती, सीट आईच्या मापाने पुढे ओढलेली, गुडघे स्टिअरिंगला लागत होते, म्हणजे ती आईहून उंच झाली होती हेही तिला तेव्हाच कळलं. ग्लोव्ह बॉक्समध्ये हा प्लेअर. तिने बटण दाबलं आणि आईशी बोलली. फोनवर आई रोज भेटायचीच, पण फोनवरची आई निराळी. "हं, बोल बाळा," म्हणणारी, खोल गेलेल्या आवाजाची, जणू तिथे टेक्सासात दिवसभर पडदे ओढूनच बसलेली असते. त्या आवाजापुढे कोण सांगणार, आई, मी मस्त आहे? ऋताही मग आवाज खाली घ्यायची. "हं. बरं चाललंय." दोघी एकमेकींना आजाऱ्याला भेटायला आल्यासारख्या हळूहळू विचारपूस करायच्या. जेवलीस का, झोपलीस का. फोन ठेवला की ऋता हुश्श करायची, नाचायचीसुद्धा थोडी, आणि मग कुसळ टोचायचं. प्लेअरला मात्र ती सगळं सांगायची. प्लेअर रडत नाही.

समोरच्या व्हॅनचा दरवाजा उघडला.

रांगेत गाडीतून उतरायचं नाही, हा शाळेचा पहिला नियम, मुलांना कविता पाठ नसेल पण हा नियम पाठ. गुरुनाथकाकांचा एक पाय बाहेर आला, चाचपडला, मग दुसरा, मग टोपी. निवृत्त भूलतज्ज्ञ, या गावात मराठी माणूस शोधावा लागायचा तेव्हापासूनचे. ऐंशी पार. बाबाही त्यांना काका म्हणतो, ऋताही काका म्हणते, मंडळात पिढ्या सगळ्या एकाच इस्त्रीखाली सपाट. नातीला घ्यायला ते दर रविवारी येतात, वेळेच्या आधी.

"काका! ओ काका, गाडीत बसा!" लांबून सुवर्णाकाकूंचा आवाज. "लाइन मूव्ह होतेय!"

"होऊ दे की मूव्ह. मी कुठे धरून ठेवलीय?" काका वळलेसुद्धा नाहीत. ते सरळ ऋताच्या खिडकीशी आले, दोन्ही हात काचेच्या कडेवर ठेवले आणि वाकले. जवळून त्यांच्या कानातलं मशीन दिसलं, कातडीच्या रंगाचं. आता बोलणार, ऋताला वाटलं. आता म्हणणार, अगं, काय ऐकतोय मी हे. तिने ओठ घट्ट मिटले. जुनी ऋता कुठूनशी धावत परत आली आणि शेजारच्या रिकाम्या सीटकडे बघायला लागली, कोणी उत्तर देतंय का.

"परीक्षितची थोरली ना तू? तुझ्या गाडीत लागतंय का गं मंडळाचं स्टेशन?"

"अं?"

"सहा नंबर! सहा नंबर!" काका अधीर झाले. "श्रुतिका लागली होती. काय सुंदर! आणि ऐन रंगात आली नि बंद. माझाच रेडिओ गेला की तुमचाही?"

"श्रुतिका म्हणजे?"

"घ्या. श्रुतिका म्हणजे रेडिओवरचं नाटक. तुम्हाला काय माहीत असणार! मी दर रविवारी इथे आलो की ते बटण दाबून बघतो. न जाणो, मंडळाने काही लावलं असलं तर. इतकी वर्षं नुसती खरखर. आणि आज एकदम मराठी! एक मुलगी, तिची आई लांब गेलेली, आणि ही बोलतेय तिच्याशी. कळवळून बोलत होती पोरगी." त्यांनी थोडा विचार केला. "मधून मधून ओव्हरअ‍ॅक्टिंग करत होती, पण कळवळून."

"ओव्हरअ‍ॅक्टिंग?" ऋताच्या तोंडून निघून गेलं.

"किंचित. ते आई, आई, जरा कमी पाहिजे. आणि संहितेत एक मोठा दोष आहे. आईला बोलायलाच देत नाही ती. आई रडणार, आई मोडून पडणार, सगळं हीच ठरवते. अरे, पण आईचं पात्र आहे कुठे? तिला एक वाक्य तरी द्या!" काकांनी खिडकीच्या कडेवर थाप मारली. "अर्थात शेवट मला माहितीये. आई मरणार."

"का?"

"श्रुतिकेत आई मरतेच. मुलगी खरं सांगायचं ठरवते, फोन उचलते, आणि तिकडे आई खलास. मग व्हायोलिन. मग शेतकऱ्यांसाठी हवामान."

ऋता फसकन हसली. हसू इतकं जोरात आलं की ते नाकातून बाहेर पडलं. इतका वेळ छातीवर जे काही मांडी घालून बसलं होतं ते उठून गेलं. त्यांना कळलंच नव्हतं! नावं ऐकून नाही, आवाज ओळखून नाही, टेक्सास नाही, अ‍ॅशबर्न नाही. गुपित जसंच्या तसं होतं, त्याला फक्त पोस्टाचा शिक्का लागावा तसा कोणाच्या तरी कौतुकाचा शिक्का लागून परत आलं होतं. आता मान हलवायची, हो काका, बंदच पडलं वाटतं, म्हणायचं, आणि निघायचं. किती सोपं. ती मान हलवणारच होती.

"संध्याकाळी परीक्षितला फोनच करतो," काका म्हणाले. "सेक्रेटरी तोच ना? म्हणतो, बाबा रे, कोणाची कल्पना ही? फार चांगली. आणि पुढचा भाग कधी ते आधी जाहीर करा. मी त्याला सगळी गोष्टच सांगतो ऐकलेली, म्हणजे त्याला कळेल कुठे तुटली ते. तो बाप शिट्टी वाजवतो वगैरे."

ऋताला बाबा दिसला. ओट्याशी उभा, फोन खांद्यात धरलेला, कढईत काहीतरी परततोय, आणि काका त्याला त्याचीच शिट्टी सांगतायत. तो हं हं म्हणतोय. आणि मग हं म्हणायचा थांबतो. नाही. असं कळायला नको त्याला. पण गंमत म्हणजे, पुढचं वाक्य तिने बाबासाठी म्हटलं नाही. ते आलं दुसरीकडूनच. एवढा वेळ कोणीतरी तिचं बोलणं मन लावून ऐकत होतं, खरखरीतून शोधून काढून, आणि तो माणूस त्या मुलीचं नावसुद्धा विचारत नव्हता, हे तिला एकदम सहन होईना.

"काका, श्रुतिका नव्हती ती. मी होते."

"म्हणजे काम तू केलंस? अरे वा!"

"काम नाही. खरं. माझं आहे ते, प्लेअरमधलं. माझ्या ट्रान्समीटरवरून तुमच्या रेडिओत गेलं. आई प्रोजेक्टवर नाहीये, काका. गो-लाइव्ह कधीच झालं. ती परत यायची नाहीये."

मागून अमितकाकांनी हॉर्न दिला, अगदी बारीक, माफी मागत दिल्यासारखा. गुरुनाथकाकांनी कानातलं मशीन एकदा बोटाने दाबलं. त्यांच्या चेहऱ्यावर नाटक संपून दिवे लागतात तसं काहीतरी झालं. खालचा ओठ हलला.

"परीक्षित जेवतो ना नीट?" त्यांनी विचारलं.

"हो. छान करतो आता स्वयंपाक."

"आणि तू मस्त आहेस."

"हो."

"मग रडतेस कशाला?"

आपण रडतोय हे ऋताला माहीतच नव्हतं. तिने गालाला हात लावून पाहिला, तर खरंच. काकांनी कोटाच्या खिशातून आधी किल्ल्या काढल्या, मग खोकल्याच्या गोळ्या, मग एक चुरगळलेला पेपर नॅपकिन, आणि तो खिडकीतून आत दिला. मग अवघडून उभे राहिले. काही शहाणपणाचं सांगावं असं त्यांना वाटत असावं, कारण दोनदा तोंड उघडून त्यांनी मिटलं.

"ओव्हरअ‍ॅक्टिंग म्हणालो ते मागे घेतो," शेवटी ते म्हणाले. "बाकी संहितेचा दोष आहे, तो आहे. जा, फोन कर तिला. व्हायोलिन सुरू व्हायच्या आत."

"बाबाला मी सांगते, काका. तोपर्यंत..."

"मी काय भूल देणारा माणूस. माझ्यासमोर लोक काय काय बोलून जायचे, बाहेर एक शब्द गेला नाही. पण सुवर्णा विचारणार, इतका वेळ काय करत होता तिथे."

"काय सांगाल?"

"सांगीन, रेडिओ बिघडलाय."

"काका!" सुवर्णाकाकू आता पळतच आल्या होत्या. "हे काय चाललंय? सगळी लाइन खोळंबली! तुमची नात किती वेळ उभी आहे तिकडे!"

"रेडिओ बिघडलाय," काका म्हणाले आणि टोपी सारखी करत निघाले. एका गाडीचं अंतर चालायला त्यांना बराच वेळ लागला, आणि या वेळी कोणी हॉर्न दिला नाही.

रेणू आली ती कोपरापर्यंत चिकटपट्टी लागलेली आणि हातात घोटीव कागदाचा आकाशकंदील, त्याच्या दोन शेपट्या आधीच गळलेल्या. "Why's your nose red?" पट्टा लावता लावता तिने विचारलं. "काही नाही. थांब पाच मिनिटं," ऋता म्हणाली आणि रांगेतून बाहेर पडून पार्किंगच्या लांबच्या टोकाला गाडी लावली, जिथे बास्केटबॉलची जाळी आहे आणि गवतावर कॅनडाचे हंस फिरत असतात. मनात ती वाक्यं जुळवत होती. प्लेअरवर किती सहज जमलं होतं! आता एकही वाक्य धड उभं राहीना. मग तिला वाटलं, नको जुळवायला. फोन लावला, स्पीकरवर टाकला, मांडीवर ठेवला. वाजला. वाजला. काय मूर्खपणा, पण खरंच दूर कुठेतरी व्हायोलिन ऐकू येतंय का म्हणून तिने कान टवकारले.

"हं, बोल बाळा." तोच आवाज. पडदे ओढलेला.

"आई, मी तुला एक सांगणार आहे आणि तू मध्ये बोलायचं नाहीस. नाही, तू बोल. मी झाल्यावर बोल. बोलायचंच आहेस." ऋताने श्वास घेतला. "आई, मी मस्त आहे. म्हणजे बरी वगैरे नाही. मस्त. तू गेल्यापासून. मी डिबेटमध्ये आहे, मी सगळ्यांशी बोलते, मला थांबताच येत नाही. आणि मला वाटतं तू असतीस तर हे झालं नसतं. आणि मला तुझी आठवण येते, पण रडण्यासारखी नाही येत, आणि मला भीती वाटते की मी कोणीतरी भयंकर आहे. झालं. आता तू."

हंस आपापली चोच गवतात खुपसत चालले होते. मागे रेणूने शेपटी चिकटवायची थांबवली होती.

"आई?"

"आहे मी," आई म्हणाली, आणि तो आवाज पहिल्या आवाजाहून वर कुठून तरी आला होता, जिना चढून आल्यासारखा. "ऋता, मी बॅडमिंटन खेळते."

"काय?"

"दर शनिवारी. इथे सगळ्या बायकांचा ग्रुप आहे. आणि नंतर आम्ही डोसे खायला जातो. आणि मी केस कापलेत, अगदी कानापर्यंत. तुला सांगितलं नाही."

"का?"

"का म्हणजे? मुलींना सोडून आलेली आई, आणि मजा मारतेय, असं वाटलं असतं तुला. म्हणून मी आपली..." ती अडखळली. "तुझा फोन आला की मी आधी टीव्ही बंद करायचे, गं. हसत असले तर थांबायचे. मग उचलायचे."

"मीपण!" ऋता ओरडलीच. "मीपण आवाज खाली घ्यायचे! मला वाटायचं तू अंधारात बसलेली असतेस!"

"मी? अगं, इथे इतकं ऊन आहे!"

मग दोघींपैकी आधी कोण हसलं ते सांगता येणार नाही. आईचं हसणं फोनच्या छोट्या स्पीकरमध्ये मावेना, ते फाटून फाटून यायला लागलं. ऋताला वाटलं, हिला मी ओळखते का? ओळखते. फार पूर्वीची. आणि ओळखतही नाही. हंस पांगले. "Are you guys fighting?" रेणूने दोन सीटच्या मधून डोकं काढून विचारलं. "नाही गं," दोघी एकदम म्हणाल्या.

"ऋता, ऐक. ते तू म्हणालीस ना, मी असते तर झालं नसतं," आई जरा थांबून म्हणाली. आता ती हसत नव्हती, पण आवाज खाली गेला नव्हता. "ते लागलं मला. थोडं लागू दे. खोटं नाहीये ते. आणि बाबाशी मी बोलते, आजच. दिवाळीपर्यंत वगैरे पुरे झालं. लोकांना सांगून टाकू."

"गुरुनाथकाकांना कळलंय."

"कसं?"

"लांबलचक गोष्ट आहे. घरी गेले की सांगते. तू जिंकतेस का पण? बॅडमिंटन?"

"छे! सगळे गेम हरते. पण ओरडते किती, विचारू नकोस. पॉइंट गेला तरी ओरडते, आला तरी ओरडते."

"कशी ओरडतेस?"

"अगं, इथे नको, मी दुकानाबाहेर उभी आहे. लोक आहेत."

"असू देत लोक. दाखव ना!"

मग अर्विंगमधल्या कुठल्याशा दुकानाच्या दारात, भर दुपारी, लोकांच्या देखत, चारुताने अशी काही आरोळी ठोकली की ऋताच्या मांडीवरचा फोन थरथरला. रेणूचे डोळे मोठे झाले. मग तिने पट्टा काढला, खिडकीतून अर्धी बाहेर वाकली आणि त्याहून मोठ्याने उत्तर दिलं.